ल्युसिलबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न: बी. बी. किंग, त्याच्या गिटारी आणि त्याच्यामागे उरलेलं

इलेक्ट्रिक गिटार शिकणारा माणूस ब्लूजकडे वळला की थोड्याच दिवसांत त्याच्या बोलण्यात ल्युसिल येते, म्हणजे अमेरिकी ब्लूज गायक-गिटारवादक बी. बी. किंगची गिटार. मग ठरलेले प्रश्न सुरू होतात. खरी ल्युसिल कुठली, तिला भोकं का नाहीत, एवढे पैसे घालून ती घ्यावी का, घेतली तर तो आवाज येईल का. खाली त्यांची उत्तरं आहेत. काही लांबली आहेत, काहींना दोन ओळी पुरल्या.

ल्युसिल म्हणजे नक्की कुठली गिटार?

एक कुठली नाही. बी. बी. किंग ज्या गिटारीवर वाजवत असे ती त्या वेळची ल्युसिल. जुनी गेली, नवी आली की नाव नव्या गिटारीला मिळायचं. १९४९ साली ल्युसिल म्हणजे तीस डॉलरच्या आसपास किमतीची, गिब्सन या अमेरिकी कंपनीची एल-३० होती. साठच्या दशकापासून ती गिब्सनची ईएस मालिकेतली महागडी गिटार झाली आणि १९८० पासून खुद्द गिब्सनच्या यादीत त्या नावाचं मॉडेलच आलं. त्यामुळे कोणी ‘ओरिजिनल ल्युसिल विकायची आहे’ म्हणालं तर आधी विचारायचं, कितवी?

नाव पडलं कसं?

ही गोष्ट किंगने आयुष्यभर सांगितली. १९६८च्या ‘ल्युसिल’ नावाच्या अल्बममध्ये तर त्याने ती दहा मिनिटं गिटार वाजवत वाजवत सांगितली आहे.

आर्कान्सॉ राज्यात ट्विस्ट नावाचं लहानसं गाव आहे. १९४९च्या हिवाळ्यात किंग तिथल्या एका नाचाच्या हॉलमध्ये वाजवत होता. थंडी कडाक्याची. हॉल गरम राहावा म्हणून मधोमध एका पिंपात अर्ध्यापर्यंत रॉकेल भरून ते पेटवलेलं होतं. त्या भागात ही नेहमीची रीत होती, लोक पिंपाच्या भोवतीनेच नाचत. त्या रात्री दोघांची मारामारी जुंपली, पिंप कलंडलं आणि जळतं रॉकेल लाकडी जमिनीवर पसरलं. सगळे बाहेर पळाले, किंगही पळाला. बाहेर आल्यावर त्याच्या लक्षात आलं की गिटार आतच राहिली. तो परत आत शिरला आणि इमारत कोसळत असताना गिटार घेऊन बाहेर आला. त्या आगीत दोन माणसं मेली.

दुसऱ्या दिवशी कळलं की भांडण हॉलमध्ये काम करणाऱ्या एका बाईवरून झालं होतं. तिचं नाव ल्युसिल. पुन्हा असा मूर्खपणा आपल्या हातून होऊ नये, याची आठवण म्हणून त्याने गिटारीला ते नाव दिलं. लोक या गोष्टीत प्रेमकथा शोधतात, पण किंग त्या बाईला कधी भेटलाही नव्हता. नाव ठेवलं ते स्वतःला बजावण्यासाठी. माझ्या मते गोष्टीचा खरा गाभा तीस डॉलरचा आहे. कापसाच्या शेतात मजुरी करून वर आलेल्या माणसाला तीस डॉलरची गिटार पुन्हा कधी घेता येईल याचा भरवसा नव्हता. तो आत शिरला तो त्या हिशेबाने.

बी. बी. म्हणजे काय?

ब्लूज बॉय. खरं नाव रायली बी. किंग. जन्म १६ सप्टेंबर १९२५, मिसिसिपी राज्यात इट्टा बीना गावाजवळ. मेम्फिसच्या डब्ल्यूडीआयए रेडिओवर तो एका टॉनिकची जाहिरात गाऊन म्हणायचा, पुढे तिथेच गाणी लावणारा निवेदक झाला. तिथे त्याला ‘बील स्ट्रीट ब्लूज बॉय’ म्हणू लागले. नाव लांब होतं, ते झिजत झिजत दोन अक्षरांवर आलं.

सिग्नेचर मॉडेल म्हणजे फक्त नाव छापलेली गिटार ना?

बऱ्याचदा हो. ही प्रथा जुनी आहे. १९२०च्या दशकाच्या अखेरीस गिब्सनने निक लुकस या गायक-वादकाच्या नावाने ॲकूस्टिक गिटार काढली. १९५२ साली लेस पॉलच्या नावाची इलेक्ट्रिक आली आणि ती इतकी चालली की आज ते माणसाचं नाव होतं हेही अनेकांना माहीत नसतं.

सिग्नेचर गिटारीचे ढोबळ दोन प्रकार धरा. एकात कंपनी आपल्या चालू मॉडेलला वेगळा रंग देते, हेडस्टॉकवर (खुंट्या असतात त्या टोकावर) सही घालते आणि किंमत वाढवते. दुसऱ्यात वादकाची वर्षानुवर्षांची तक्रार कंपनी ऐकते आणि लाकडात, तारांच्या मार्गात, वायरिंगमध्ये काहीतरी खरोखर बदलते. ल्युसिल दुसऱ्या प्रकारातली, आणि ती निम्मी किंगनेच आधी चिंध्या कोंबून तयार केली होती. ते पुढे सांगतो.

१९८० आधी तो काय वाजवायचा?

हाताला लागेल ते. सुरुवातीच्या वर्षांत फेंडर कंपनीची सॉलिड बॉडी (भरीव लाकडाची) गिटारही होती, गिब्सनच्या जाड, पूर्ण पोकळ गिटारीही होत्या. १९५८ साली गिब्सनने ईएस-३३५ काढली. बाहेरून ती पोकळ गिटारीसारखी दिसते, पण पातळ असते आणि मधोमध वरपासून खालपर्यंत लाकडाचा भरीव ठोकळा बसवलेला असतो. पिकअप (तारांचं कंपन विजेत बदलणारे भाग) आणि ब्रिज (तारा ज्यावर टेकतात तो) त्या ठोकळ्यावर बसतात. म्हणजे पोकळ गिटारीची ऊब बऱ्यापैकी टिकते आणि आवाज वाढवला की होणारी शिट्टी बरीच कमी होते. किंगला असंच काहीतरी हवं होतं. पुढे तो याच घराण्यातल्या सर्वांत सजवलेल्या ईएस-३५५वर स्थिरावला. फ्रेटबोर्ड (बोटं ठेवायची पट्टी) आबनुसाचा, त्यात शिंपल्याचे चौकोनी तुकडे, कडेला अनेक पदरी पांढरी-काळी पट्टी, धातूचे भाग सोनेरी. फोटोत काळी किंवा लालसर ३५५ दिसली की ती त्या काळातली ल्युसिल समजा.

ल्युसिलला एफ-होल का नाहीत?

ल्युसिल आणि साध्या ३५५मधला मुख्य फरक हाच, म्हणून जरा सविस्तर.

व्हायोलिनसारखी ‘एफ’ आकाराची भोकं ॲकूस्टिक वाद्यात आवाज बाहेर पडावा म्हणून असतात. इलेक्ट्रिक गिटारीत आवाज ॲम्पमधून (आवाज वाढवणाऱ्या पेटीतून) येतो, पण भोकं तशीच ठेवली गेली. त्रास सुरू होतो आवाज वाढवल्यावर. ॲम्पचा आवाज गिटारीच्या पोकळ भागावर आदळतो, वरचा पत्रा, म्हणजे वरची लाकडी फळी, थरथरतो, तारा थरथरतात, पिकअप ते पुन्हा उचलून ॲम्पकडे धाडतो आणि हे चक्र वाढत वाढत कान फाडणाऱ्या आवाजात संपतं. याला फीडबॅक म्हणतात. मधला ठोकळा तो कमी करतो, पूर्ण थांबवत नाही. किंगचा बँड मोठा, ब्रास सेक्शन (फुंकून वाजवायच्या वाद्यांचा ताफा) जोरात, थिएटरं मोठी. त्याला आवाज कमी ठेवून चालायचं नाही. म्हणून तो गिटारीच्या भोकांत कापड, टॉवेल कोंबायचा. दिसायला ते ओंगळ दिसत असणार, पण काम भागायचं.

१९८० साली त्याच्या नावाचं मॉडेल काढताना गिब्सनने वरचा पत्रा सलगच ठेवला, भोकं पाडलीच नाहीत. आत दोन्ही बाजूंच्या पोकळ्या आहेत, ठोकळाही आहे, फक्त वरून झाकण बंद. नेक (गिटारीची मान) मॅपलचा केला. टेलपीस (तारांची खालची टोकं अडकवायचा भाग) बारीक सुराच्या स्क्रूंचा दिला, म्हणजे व्हायोलिनवाला जसा वरच्या खुंट्या न पिळता खालच्या छोट्या स्क्रूने सूर जुळवतो तसं गिटारीवर करता येतं. सुरुवातीला स्टँडर्ड आणि कस्टम अशी दोन मॉडेलं होती. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात स्टँडर्ड बंद पडलं, आणि कस्टमचंच नाव पुढे नुसतं ‘बी. बी. किंग ल्युसिल’ झालं.

सिग्नेचर गिटारीत वादकाचा खरा हात कुठे दिसतो असं कोणी विचारलं तर मी या बंद केलेल्या भोकांकडे बोट दाखवतो. सही कोणीही कोरू शकतं.

तो गोल फिरवायचा नॉब कसला?

व्हॅरिटोन. सहा घरांचा फिरता स्विच. आत एक कॉइल आणि वेगवेगळे कपॅसिटर असतात. पहिल्या घरात तो बाजूला पडतो, गिटार जशी आहे तशी वाजते. पुढच्या प्रत्येक घरात मधल्या आवाजाचा एकेक वेगळा पट्टा कापला जातो. आवाज बारीक होतो, थोडा नाकात जातो, आणि शेवटच्या घरांत जोरही कमी झाल्यासारखा वाटतो. बॅटरी लागत नाही. प्रत्यक्षात निम्म्याहून जास्त मालक तो पहिल्या घरात ठेवून विसरून जातात, आणि त्यात गैर काही नाही. पण दुसरं-तिसरं घर एकदा बँडसोबत वाजवून बघा. घरात एकटं वाजवताना किरकोळ वाटणारा आवाज ड्रम आणि बासच्या मधून नेमका बाहेर येतो.

जॅक दोन का?

एक मोनो, एक स्टिरिओ. स्टिरिओच्या जॅकमधून दोन पिकअप वेगवेगळे बाहेर काढून दोन ॲम्पना देता येतात, त्यासाठी दोन शेपटांची केबल लागते. रोजच्या वापराला मोनोचा जॅक. साधी केबल चुकून स्टिरिओच्या जॅकमध्ये गेली तर एकच पिकअप ऐकू येतो, आणि लोक गिटार बिघडली म्हणून दुकान गाठतात. आधी जॅक बदलून बघा.

ल्युसिल घेतली तर माझा आवाज त्याच्यासारखा येईल?

नाही. आणि हे निराश करायला सांगत नाही, पैसे वाचवायला सांगतोय.

किंगचा आवाज त्याच्या डाव्या हातात होता. त्याचा नात्यातला भाऊ बुका व्हाइट नावाजलेला ब्लूजवाला, बोटात धातूची नळी घालून तारांवर घसरवत वाजवायचा. किंगला ते जमेना. मग त्याने नळीशिवाय तसा थरथरता सूर काढायचा प्रयत्न केला. पहिलं बोट तारेवर घट्ट, अंगठा नेकवरून सुटलेला, आणि मनगटापासून सगळा पंजा भराभर हलतो. बाकीची बोटं हवेत फडफडतात, म्हणून वादक याला फुलपाखरी व्हायब्रॅटो म्हणतात. मनगट सैल असल्याशिवाय हे येत नाही, आणि बहुतेक शिकणारे बोटाच्या जोरावर करायला जातात तिथेच अडतात.

दुसरी गोष्ट म्हणजे तार ओढणं. सतारवादक पडद्यावरच तार ओढून मींड घेतो, तसं इथे तार बाजूला ढकलून सूर चढवतात. किंगचं वैशिष्ट्य असं की ओढलेला सूर नेमका कुठे थांबणार हे त्याला आधी माहीत असायचं. कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधली जी जागा ब्लूजमध्ये सगळ्यात बोलकी असते, तिथे तो मुद्दाम रेंगाळायचा.

तिसरं, फ्रेटबोर्डवर त्याचा हात बसायची ठरलेली जागा. गिटारवाले तिला बी. बी. बॉक्स म्हणतात. ए स्वरात वाजवत असाल तर दुसऱ्या तारेच्या दहाव्या फ्रेटवर पहिलं बोट ठेवा, तो तुमचा सा. त्याच तारेवर बाराव्या फ्रेटवर रे, तो ओढून गंधाराकडे न्या. पहिल्या तारेच्या दहाव्यावर म, बाराव्यावर प, आणि तो प ओढला की ध. तिसऱ्या तारेच्या अकराव्या फ्रेटवर खालचा ध. बस्स, हात फारसा हलवायचाच नाही. एवढ्याशा जागेत त्याने कारकीर्दीचा मोठा भाग काढला. महिनाभर एवढीच जागा घोटा, मग गिटार बदलायची का ते ठरवा.

आणि ॲम्प. ट्यूब ॲम्पशिवाय ब्लूज नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी लक्षात घ्यावं की किंग कित्येक वर्षं लॅब सिरीज एल-५ या ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या ॲम्पवर वाजवत होता. फेंडरचा ट्विन रिव्हर्बही असायचा. दोन्हींतून त्याला जोरात आणि स्वच्छ आवाज हवा असायचा. धूळ उडवणारं डिस्टॉर्शन (मुद्दाम फाटवलेला आवाज) त्याच्या गिटारीत शोधू नका.

त्याला कॉर्ड (एकत्र वाजवलेले अनेक सूर) वाजवता येत नव्हत्या हे खरं का?

तो स्वतःच तसं सांगायचा, आणि गाताना एकाच वेळी वाजवणं जमत नाही असंही. म्हणून बघा, तो गातो तेव्हा गिटार गप्प असते आणि ओळ संपली की गिटार बोलते. जमत नाही त्यातूनच पद्धत झाली. कॉर्डचं काम बँडकडे, याच्याकडे फक्त उत्तर द्यायचं काम.

ऐकायला सुरुवात कुठून करू?

‘लाइव्ह ॲट द रीगल’. २१ नोव्हेंबर १९६४ रोजी शिकागोच्या रीगल थिएटरमध्ये ध्वनिमुद्रित झालेला, पुढच्या वर्षी बाजारात आलेला. यात प्रेक्षकही वाद्यासारखे वाजतात. एखादा सूर तो लांबवतो आणि समोरून किंचाळ्या येतात, त्या किंचाळ्यांवर तो पुढचा सूर बसवतो. मग १९७० साली शिकागोच्या कुक काउंटी तुरुंगातला कार्यक्रम. त्याचा श्रोतृवर्ग वेगळा, वातावरण जड. ‘द थ्रिल इज गॉन’ तर ऐकालच. मूळ गाणं रॉय हॉकिन्सचं, १९५१चं. किंगचं १९६९चं, मागे व्हायोलिनचा ताफा लावून केलेलं. शुद्धतावाद्यांना तेव्हा तो ताफा खटकला होता, पण त्याच गाण्याने त्याला ब्लूजच्या वर्तुळाबाहेर नेलं आणि ग्रॅमी मिळवून दिलं. अगदी जुनं ऐकायचं तर ‘थ्री ओ’क्लॉक ब्लूज’, त्याचं पहिलं मोठं गाजलेलं गाणं.

एरिक क्लॅप्टनसोबतचा २००० सालचा ‘रायडिंग विथ द किंग’ शेवटी ठेवा. चांगला आहे, पण तिथे दोघंही एकमेकांना फार सांभाळून घेतात.

गिब्सन घेऊ की एपिफोन?

एपिफोन गिब्सनच्याच मालकीची, स्वस्त शाखा. त्यांच्या ल्युसिलमध्येही बंद पत्रा, व्हॅरिटोन आणि दोन जॅक हे मुख्य भाग येतात. फरक पडतो तो पिकअप, स्विच, जॅक, खुंट्या आणि फिनिशमध्ये. अमेरिकेतली गिब्सन कित्येक पटींनी महाग पडते आणि भारतात आणताना वाहतूक आणि आयातकर वेगळा. माझं स्पष्ट मत, कार्यक्रम करून त्यातून पैसे मिळत नसतील तर एपिफोन घ्या, चांगल्या कारागिराकडून सेटअप करून घ्या, वाटलं तर पुढे पिकअप बदला.

एक सावधगिरी. ‘लिटल ल्युसिल’ नावाची गिटार नव्वदच्या दशकाच्या शेवटी निघाली होती. तिचा आकार लहान, लेस पॉलच्या वळणाचा. नाव सारखं असलं तरी ती वेगळीच गिटार आहे. २०२१ साली गिब्सनने ‘ल्युसिल लेगसी’ काढली, ती मात्र मूळ घराण्यातली, वरच्या किमतीची.

जुनी ल्युसिल घेताना काय बघायचं?

पत्र्याला एफ-होल दिसले तर ती नेहमीची ल्युसिल नाही. कोणीतरी ३३५ किंवा ३५५वर नाव चिकटवलेलं असू शकतं. ८०व्या वाढदिवसाच्या आवृत्तीत वगैरे बारीकसारीक फरक आहेत, म्हणून फोटो त्या त्या वर्षीच्या कॅटलॉगशी ताडून बघा.

भोकं नसल्यामुळे एक गैरसोय होते, ती फार कोणी सांगत नाही. साध्या ३३५मध्ये वायरिंग बिघडलं तर कारागीर एफ-होलमधून सगळं बाहेर ओढतो, जरा कटकट होते पण रस्ता असतो. ल्युसिलमध्ये तो रस्ताच नाही, मागे झाकणपट्टी उघडून आत जावं लागतं. म्हणून बघताना ते झाकण उघडून आत कोणी आधी हात घातलाय का हे नक्की तपासा. व्हॅरिटोनची सहाही घरं फिरवून ऐका, कडकड येत असेल तर स्विच मळलाय किंवा खराब झालाय. दोन्ही जॅक वाजवून बघा. टेलपीसचे बारीक स्क्रू फिरतात का बघा, ते गंजून बसलेले असतात. सोनेरी मुलामा उडालेला असणं काळजीचं नाही, घामाने उडतोच. हेडस्टॉकच्या मागे, मान वाकते त्या ठिकाणी, केसासारखी भेग आहे का हे मात्र बोटाने चाचपून बघा. गिब्सन तिथेच मोडतात.

८०व्या वाढदिवसाची ल्युसिल चोरीला गेली होती म्हणे?

हो, आणि हा किस्सा ऐकण्यासारखा आहे. २००५ साली किंग ८० वर्षांचा झाला तेव्हा गिब्सनने ८० गिटारींची खास आवृत्ती काढली. तिचा पहिला नमुना किंगला दिला आणि ती त्याची मुख्य गिटार झाली. २००९ साली ती चोरीला गेली. त्याच वर्षी लास व्हेगासमधल्या गहाणवटीच्या दुकानात एका गिटारप्रेमी माणसाला एक ल्युसिल मिळाली. घरी नेऊन बघतो तर अनुक्रमांकाच्या जागी ‘प्रोटोटाइप १’ असं लिहिलेलं. त्याने गिब्सनकडे चौकशी केली, तेव्हा समजलं की ही खुद्द किंगची. त्याने ती किंगला परत नेऊन दिली. किंगने बदल्यात त्याला दुसरी ल्युसिल सही करून दिली.

किंग १४ मे २०१५ रोजी लास व्हेगासमध्ये वारला. २०१९च्या सप्टेंबरमध्ये त्याच्या मालमत्तेतल्या वस्तूंचा लिलाव झाला आणि हीच गिटार दोन लाख ऐंशी हजार डॉलरना गेली. लिलाव करणाऱ्यांचा अंदाज ऐंशी हजार ते एक लाखाचा होता. गहाणवटीचं दुकान, परत आलेली गिटार, मग लिलाव. लोकांनी या गोष्टीचे पैसे मोजले, लाकूड आणि तारांचे नाही. एखाद्या वाद्याची अशी किंमत वाढली की ते वाजायचं थांबतं याचं मला वाईट वाटतं, पण मालमत्तेच्या वारसांना तो हिशेब करावा लागतो हेही खरं.

ल्युसिल पोपला दिली होती?

दिली होती. १९९७च्या डिसेंबरमध्ये व्हॅटिकनला नाताळच्या कार्यक्रमात किंग वाजवायला गेला आणि पोप जॉन पॉल दुसरे यांना त्याने एक ल्युसिल भेट दिली. देणगीत तो मोकळ्या हाताचा होता.

गिब्सनच्या लाकडाचं भारताशी काय प्रकरण झालं होतं?

२४ ऑगस्ट २०११ रोजी अमेरिकी वन्यजीव खात्याने गिब्सनच्या नॅशव्हिल आणि मेम्फिसच्या कारखान्यांवर छापे घातले. भारतातून आलेलं शिसव आणि आबनूस त्यांनी जप्त केलं. वाद असा होता की फ्रेटबोर्डसाठी पाठवलेल्या पट्ट्या तयार माल धरायच्या की कच्चं लाकूड. भारतातून कच्च्या लाकडाच्या निर्यातीवर बंधन, आणि दुसऱ्या देशाचा वनकायदा मोडून आलेलं लाकूड अमेरिकी कायद्याने तिथेही बेकायदा. मादागास्करच्या आबनुसाचं आधीचं, २००९चं प्रकरणही त्यात जोडलेलं होतं. २०१२च्या ऑगस्टमध्ये गिब्सनने तीन लाख डॉलर दंड आणि वन्यजीव संवर्धनासाठी पन्नास हजार डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. मादागास्करच्या लाकडावरचा हक्क सोडला, भारताकडचं लाकूड परत मिळालं. मग कंपनीने त्या परत आलेल्या लाकडाच्या गिटारी ‘गव्हर्नमेंट सिरीज’ नावाने विकल्या. टोमणा मारूनही धंदा करता येतो!

आपल्या सह्याद्रीत वाढणारं शिसव जगभरच्या गिटारींच्या फ्रेटबोर्डवर असतं, हे मात्र या निमित्ताने अनेकांना पहिल्यांदा कळलं. ल्युसिलचा फ्रेटबोर्ड आबनुसाचा.

मुंबईत ब्लूज ऐकायला मिळतो का?

वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ पासून महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल भरू लागला आणि पहिल्याच वर्षी बडी गाय आला, पुढेही आला. तो किंगच्या पुढच्या पिढीचा, लुइझियानातला, किंगला गुरुस्थानी मानणारा. त्याची सिग्नेचर गिटार फेंडरची, काळ्यावर पांढरे ठिपके. ठिपक्यांची गोष्ट अशी की ठिपक्यांची कॅडिलॅक गाडी घेऊन घरी येईन असं त्याने आईला सांगितलं होतं. गाडी घ्यायची राहिली, आई गेली, ठिपके गिटारीवर आले. किंगची ल्युसिल फीडबॅकच्या त्रासातून घडली आणि बडीची गिटार आईला दिलेल्या शब्दातून. सिग्नेचर गिटार विकत घेण्याआधी त्यामागे असं काही आहे का हे शोधायला हरकत नाही.

किंगचं संग्रहालय कुठे आहे?

मिसिसिपी राज्यातल्या इंडियानोला गावात. २००८ साली उघडलं. इमारतीचा एक भाग म्हणजे विटांची जुनी सरकी काढायची गिरणी, जिथे किंगने तरुणपणी काम केलं होतं. याच गावाजवळच्या शेतांवर तो ट्रॅक्टर चालवायचा. १९४६ साली ट्रॅक्टर चुकून धडकून त्याचं धुराचं नळकांडं मोडलं, मालकाच्या भीतीने तो गिटार घेऊन मेम्फिसला पळाला. पुढे परत येऊन पैसे फेडले आणि मग पुन्हा मेम्फिसला गेला, तो नाव कमवायला. आता त्याची समाधी संग्रहालयाच्या आवारातच आहे. त्याच गावातला क्लब इबनी हा जुना नाइटक्लबही त्याने विकत घेऊन जगवला होता.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींनी मेम्फिसला जाताना दक्षिणेकडे हा फाटा जरूर घ्यावा. मेम्फिसची बील स्ट्रीट आज पर्यटकांनी गजबजलेली आहे, पण किंग ज्या सपाट, रिकाम्या कापसाच्या मुलखातून आला तो बघितल्याशिवाय बील स्ट्रीट त्याला केवढी मोठी वाटली असेल हे कळत नाही.

तारा कुठल्या लावू?

गिब्सनने त्याच्या नावाचा संच काढला होता. पहिली तार १०ची, सहावी ५४ची (आकडे इंचाच्या हजाराव्या भागात जाडीचे). वरच्या तारा ओढायला सोप्या, खालच्या जाड आणि भरदार. एवढा जाड ५४ रोजच्या वापराला जड वाटला तर १० ते ४६चा नेहमीचा संच लावा.

पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत ती कशी सांभाळायची?

ल्युसिलचा पत्रा आणि पाठ मॅपलच्या प्लायचे असतात, त्यामुळे ॲकूस्टिक गिटारीच्या भरीव पत्र्यासारखे ते फुगून वाकत नाहीत. त्रास होतो तो नेकला आणि धातूला. नेक थोडा हलतो, तारा फ्रेटवर घासू लागतात. पाऊस सुरू झाल्यावर आणि थंडी लागल्यावर एकदा ट्रस रॉड (नेकच्या आतली, त्याचा बाक कमीजास्त करणारी सळई) जुळवून घ्या, स्वतः हात घालायचा नसेल तर कारागिराकडे. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या बदलत राहा. वाजवून झालं की तारा, ब्रिज, सोनेरी भाग कोरड्या कापडाने पुसा. आणि गिब्सन असेल तर तिचं फिनिश नायट्रो लॅकरचं असतं. स्वस्त स्टँडच्या रबराला ते चिकटतं आणि काळा डाग कायमचा राहतो. स्टँडच्या हातांना सुती कापड गुंडाळा, नाहीतर सरळ केसमध्ये ठेवा.